मुकादमाचा शेरा

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कारखान्याच्या दुसऱ्या शेडवर पत्रे चढले हे वाचून बरं वाटलं. भंगारातले कॉम्प्रेसर उचकटत बसणारं पोरगं आता फ्रीज दुरुस्तीचा मोठा शेठ झालं आणि लोकांवर ओरडतं म्हणे. ओरड बाबा. मला तू अजून शेंबडाच दिसतोस, त्याला माझा इलाज नाही. आणि फोन करत जा म्हणून लिहू नकोस. फोनवर तू नुसता ‘हं हं’ करतोस आणि मागे हातोडी चालू असते. पत्र तरी बसून वाचतोस.

माझी तब्येत ठीक. मागच्या तापापासून तोंडाला चव तेवढी नाही, येईल हळूहळू. काळजी आहे ती मांजरांची. दोघंही अचानक उलट्या करायला लागली आहेत. मुकादम तुला माहीतच आहे, घरात आलेली प्रत्येक पिशवी तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आणि ती पांढरी, पाहुणी, एका संध्याकाळपुरती म्हणून आली ती कायमची राहिली. आधी वाटलं केस गिळले असतील, येईल बाहेर. पण आता रोज सकाळी फडकं घेऊन फिरते आहे. सोफ्याखाली, चपलांवर, एकदा तर माझ्या उशाशी.

त्यात मुकादमाचे नखरे वाढलेत. बशी ठेवली की हुंगतो आणि भोवतालची फरशी पंजाने खरवडत बसतो, जणू काही झाकून टाकायचंय. मग मी मांडी घालून बसते, मासळीचा घास करून तोंडाशी नेते, तेव्हा साहेब खातात. तू म्हणशील, मीच लाडावून ठेवलाय. ठेवलाय.

चिरंजीवांचा फोन असतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की आई, तू आमच्याकडे कायमची ये, एकटी राहू नकोस, असा लकडा लावलाय. सूनबाईला मांजराच्या केसांनी शिंका येतात, म्हणजे ही दोघं कुठे जाणार ते कोणी बोलत नाही. मीही विचारत नाही.

तुझा फ्रीज मात्र इमानी हो. तुझ्या हातचा पहिलावहिला, भंगारातून उभा केलेला, पण अजून रात्रंदिवस गुणगुणत असतो, क्षणभर विसावा घेत नाही. आठवड्याची मासळी उकडून त्यात ठेवते. दुसऱ्या कोणा मेकॅनिकला मी त्याला हात लावू दिलेला नाही.

ता. क. साबणवाले हल्ली वासात हात आखडता घेतात. नवी वडी उघडली, नुसता चुना. मी अजून साबणाच्या कारखान्यात वास तपासायला असते तर असला घाण माल परत पाठवला असता.

आहेस तसाच वात्रट राहा आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, आणि फ्रीजची तारीफ वाचून दिवसभर कॉलर ताठ करून फिरलो. हाताखालच्या लोकांना वाचून दाखवली. एकाने हळूच विचारलं की शेठ, त्या फ्रीजला गॅरंटी कार्ड होतं का. त्याला म्हटलं, माझी बहीण हेच गॅरंटी कार्ड.

आता मांजरांचं. मी यंत्रं बरी करतो, जनावरं नाही, तेव्हा आधी दोघांना डॉक्टरकडे ने. उद्या-परवा करू नकोस. तुझ्या खालच्या टेलरमास्तरांच्या दुकानात मुकादम कापडाच्या ताग्यांवर झोपतो असं तू मागे लिहिलं होतंस. तिथे दोरा गिळला असेल तर ते वाईट, हे डॉक्टरला मुद्दाम सांग.

बाकी आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो. बिघाड सापडत नसेल तर एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. चार एकदम फिरवले की यंत्र चालूही होतं, पण कशाने झालं ते कळत नाही, आणि पुन्हा बंद पडलं की आपण होतो तिथेच. तेव्हा आधी कुंड्या गॅलरीबाहेर ठेव. काही फरक नाही? मग फरशी पुसायचं औषध बदल. मग बशा. एकेक.

अन्न तपास म्हणून मी तुला सांगणार नाही. जिच्या नाकाला साबणाच्या कारखान्याचा मॅनेजर टरकून असायचा, तिच्या स्वयंपाकघरात शिळं काय टिकणार? लहानपणी बाबा म्हणायचे, या घरात एकाला कान मिळाले आणि एकीला नाक, बुद्धी वाटायची राहून गेली.

भाच्याचं मनावर घेऊ नकोस. काळजीने बोलतो. पण ‘विचारत नाही’ असं लिहिलंस ते मला खटकलं. तू न विचारणाऱ्यातली नव्हेस.

रागावून प्रेमात काटछाट करू नये, ही विनंती.
तुझा धाकटा


दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझे सगळे स्क्रू फिरवून झाले. कुंड्या बाहेर गेल्या, फिनेल बंद केलं, काचेच्या बशा आणल्या. उलट्या चालूच.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत पण हुशार. दोघांची पोटं दाबून बघितली, फोटो काढले, दोरा-बिरा काही नाही म्हणाल्या. खायला काय देता, ताजं असतं का, असं दोनदोनदा विचारलं. मी सांगितलं, बाई, माझ्या नाकाखालून खराब वस्तू जाणं शक्य नाही, उभा जन्म त्यात गेला. तरी नमुना आणा म्हणाल्या. आता डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मी बाजारातून ताजी मासळी आणली, उकडली, चांगल्या डब्यात घालून नेली. निर्दोष निघाली. मग त्यांनी दोघांना आपल्याकडे ठेवून घेतलं. तिथे एक उलटी नाही! मुकादम वजन वाढवून आला. आणि घरी येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच पहिले पाढे पंचावन्न.

याचा अर्थ तूच लाव. मी लावला आहे. घरात कोणीतरी काहीतरी घालतंय, आणि ते खालचे टेलरमास्तर आहेत. मुकादमाने त्यांच्या एका कोटाच्या कापडावर नखं काढली तेव्हापासून त्यांचं डोकं फिरलंय. परवा दुपारी पत्ते खेळायला वर आले ते दारातच थांबले. म्हणाले, ताई, राग मानू नका, पण तुमच्या स्वयंपाकघराला वास येतोय. माझ्या स्वयंपाकघराला! मला! मी म्हटलं, मास्तर, तुमच्या इस्त्रीचा वास तुमच्याच नाकात बसलाय. ते तसेच जिना उतरले. पत्ते बंद, बोलणं बंद.

या सगळ्या त्रासात माझंही लक्ष ठिकाणावर नसतं. काल भात पार कोळसा झाला. मी शेजारीच पेपर वाचत बसले होते. डोळे चुरचुरले आणि धूर दिसला तेव्हा उठले. चिरंजीवांना यातलं काही कळवू नकोस. लगेच गाडी घेऊन येईल.

मुकादम आता माझ्या हातचंही खायला वेळ लावतो. माझ्याकडे बघत राहतो, मग खातो.

फार लिहिलं. माया करतोसच, थोडी जास्त कर.
तुझी ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मास्तरांवर एवढ्यात आरोप ठेवू नकोस. कापड फाटलं म्हणून विष घालणारा माणूस मी अजून पाहिला नाही. शिव्या देणारे पुष्कळ पाहिले. आणि ज्याला विष घालायचंय तो वर येऊन वास येतो म्हणून सांगत बसत नाही.

सोबत एक रुमाल पाठवतोय. लहानपणचा खेळ आठवतो ना? डोळे बांधून मी तुझ्या नाकाशी वस्तू धरायचो आणि तू ओळखायचीस. एकदा दोन पितळी किल्ल्यांमधली बाबांची कोणती तेही सांगितलं होतंस. रुमालाला एक वास लावलाय. कशाचा ते उलट टपाली कळव. जिंकलीस तर सोफ्याचं कव्हर माझ्याकडून.

मांजरांची काळजी घे. स्वतःची त्याहून घे.
तुझाच, आणि तुझ्याकडून तेवढ्याच हक्काची अपेक्षा असलेला,
धाकटा


दि. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

एवढा कारखानदार झालास पण पोरकटपणा गेला नाही. रुमाल मिळाला. मोगरा आहे. हलक्या प्रतीचा आहे, उडून गेलाय निम्मा. अत्तरवाल्याने तुला फसवलं. कव्हर निळं पाठव.

इथे मला खेळ सुचत नाहीत. मुकादमाला काल उचलून न्यावं लागलं. उठेना. पायातली ताकद गेली होती. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं आहे. म्हणाल्या, वय झालेलं मांजर आहे, अशा किती उलट्या सोसणार. कारण सापडलं नाही तर पुढच्या वेळी मी काही सांगू शकत नाही. पाहुणी घरात एकटी सगळ्या खोल्यांतून त्याला शोधत फिरते.

चिरंजीव या रविवारच्या पुढच्या रविवारी येतोय, घराचं काय करायचं ते ठरवायला. मीही आता विचार करते, हो म्हणून टाकावं. मांजरंच राहिली नाहीत तर कोणासाठी अडून बसू? पण त्याआधी मास्तरांची तक्रार सोसायटीच्या चेअरमनकडे देणार आहे. कागद लिहून तयार आहे. सोमवारी देते.

आशीर्वादाखेरीज आज द्यायला काही नाही.
ताई


दि. ५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझा ड्रायव्हर हातोहात देईल. तो तुझ्या फ्रीजचं बटण बंद करेल आणि आतलं सगळं बाहेर नेऊन टाकेल. त्याला अडवू नकोस, ओरडूही नकोस, तो माझ्याकडे रोज पुरेशी बोलणी खातो. पाहुणीसाठी ताजी मासळी आणायला त्याला सांगितलं आहे. डॉक्टरीणबाईंनाही मी फोनवर सगळं कळवलं. त्या म्हणाल्या की त्यांना पहिल्या दिवसापासून खराब अन्नाचाच संशय होता, पण तू नाकाची ग्वाही दिलीस आणि नमुनाही निर्दोष निघाला, तिथे त्या गप्प झाल्या.

ताई, रुमाल रॉकेलमध्ये बुडवून वाळवला होता. पार्सलवाल्या कारकुनाने तो दोन बोटांत धरून विचारलं, हे कोणाला पाठवताय. म्हटलं, बहिणीला भेट आहे. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की काय सांगू.

आणि तू लिहिलंस मोगरा.

ते मी ऑफिसात वाचलं. दुपारपर्यंत कोणावर ओरडलो नाही, तेव्हा आमचा फोरमन थर्मामीटर घेऊन आला. असला खेळ करायला नको होता असं वाटलं. पण सरळ विचारलं असतं तर तू सरळ सांगितलं असतंस का? तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. चव नाही. साबणाला वास नाही. भात शेजारी जळतोय आणि डोळ्यांना कळतंय, नाकाला नाही. मास्तरांना दारातून वास येतोय, तुला आत उभं राहून येत नाही. तू पानोपानी सांगत होतीस. मी फ्रीजच्या तारिफेवर खूश होतो.

आता त्या फ्रीजबद्दल. माझ्या कानांची फार कीर्ती आहे ना? गिऱ्हाइकाने फोन यंत्राजवळ धरला तरी मी बिघाड सांगतो. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने लिहिलं की फ्रीज क्षणभर विसावा घेत नाही, तर मी कॉलर ताठ केली! अगं, फ्रीजने मधूनमधून थांबायला पाहिजे. पोटात गारवा पुरेसा झाला की तो गप्प बसतो. जो अखंड गुणगुणतो तो राबतोय, पण गार करत नाही. दाराचं रबर गेलं असेल, नाहीतर गॅस. तुझा स्वतःचा स्वयंपाक ताजा, म्हणून तू बचावलीस. मासळी आठवड्याची, म्हणून ती दोघं.

तुझा माझ्या फ्रीजवर भरवसा आणि माझा तुझ्या नाकावर. दोघांच्या मध्ये ती मुकी सापडली.

भाच्याला मी यातलं काही बोललेलो नाही. बोलणारही नाही. पण तूही लपवू नकोस. गॅस सुटला तर तुला कळणार नाही, ही गोष्ट आपल्या तिघांना माहीत हवी. ते तू त्याला सांग, तुझ्या तोंडाने. आणि तो चेअरमनकडचा कागद फाड. उद्या संध्याकाळी मी हत्यारांची पेटी घेऊन येतो.

लोभ तुझ्याकडे ठेव आहे, मागायला येतोय.
धाकटा


दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू होतास तोवर मी नुसती चहा करत राहिले. बोलले काहीच नाही. तुझ्यासमोर जमलं नाही, म्हणून आता लिहिते.

ताप उतरला त्या सकाळी साबणाची नवी वडी उघडली आणि काही आलं नाही. आधी वाटलं वडीच तशी. मग पावडर, चहापत्ती, सुनेने दिलेलं अत्तर. सगळं पाण्यासारखं. तरी मी साबणवाल्याला दोष देत राहिले, आणि तुला लिहिताना तर स्वतःलाही ते खरं वाटायचं. एकदा बोलून दाखवलं असतं तर ते खरंच झालं असतं ना. आयुष्यभर ज्याच्या जिवावर पगार घेतला, ताठ मानेने कारखान्यात फिरले, ते नाक आता नुसतं चष्मा ठेवायला उरलं, हे कोणाला सांगायचं? आणि चिरंजीवांना कळलं असतं तर त्याच दिवशी बॅग भरली असती.

पण धाकट्या, मला झोप लागत नाही ती याने नाही. मुकादम पहिल्या दिवसापासून फरशी खरवडत होता. त्याला वास येत होता. तो सांगत होता, हे खाण्याजोगं नाही, झाकून टाक. आणि मी मांडी घालून, घास करून, सोन्या-राजा म्हणत ते त्याच्या तोंडात घालत होते. तो माझ्याकडे बघायचा आणि खायचा. मी हातात धरलंय म्हणून खायचा.

डॉक्टरीणबाईंना हे सांगताना मला रडू आलं. त्यांनी मुकादमाला पिंजऱ्यातून काढून माझ्या मांडीवर दिला. चिकटला तो मला, सलाइनच्या पट्टीसकट.

मास्तरांकडे मी स्वतः खाली गेले. कागद त्यांच्यासमोर फाडला आणि कारणही सांगितलं. ते मशीन थांबवून ऐकत राहिले. मग म्हणाले, ताई, मी चार वर्षं झाली सुईत दोरा ओवू शकत नाही, दुपारी शाळेतून नात येते ती ओवून ठेवते. गिऱ्हाइकांना सांगत नाही. एवढं बोलून त्यांनी पत्त्यांचा कॅट काढला. मला हरवलं. माझी चूक होती म्हणून मी हरले नाही, पत्तेच वाईट आले.

उद्या चिरंजीव येतोय. सांगेन. भीती वाटते, पण सांगेन.

जवळ असल्यासारखा राहा.
ताई


दि. १६ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल आईकडे जाऊन आलो. मी खुर्चीत टेकायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं, मोगऱ्यासकट. रुमालही दाखवला. मामा, तो अजून असह्य आहे.

खरं सांगायचं तर मी घराचे कागद बरोबर घेऊनच गेलो होतो. मला भीती तिच्या वयाची नव्हती. ती काही झालं तरी ‘मी ठीक’ म्हणते, त्याची होती. काल पहिल्यांदा ‘मी ठीक नाही’ म्हणाली, तेव्हा उलट माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही बसवलेला तो गॅसचा भोंगा तिने मला वाजवून दाखवला. खालचे मास्तर कात्री हातात घेऊन अनवाणी धावत वर आले. आईच्या बोलण्यापेक्षा त्यांना बघूनच ती इथे नीट राहील अशी माझी खात्री पटली. नाकाच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. कागद तसेच परत आणले.

मांजरांना आमचा नमस्कार सांगा म्हणाली सूनबाई तुमची, लांबूनच.

आपल्या शब्दाचा आधार असाच असू द्यावा.
आपला भाचा


दि. २९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

नाकाचे डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही, रोज चार वास हुंगत राहा. हुंगते. अजून भिंत हुंगल्यासारखंच आहे. तुझा रुमाल मात्र मास्तरांनी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला, त्याचं वाईट वाटलं. तू आणून ठेवलेला नवा फ्रीज आवाजच करत नाही, त्यामुळे मला संशय येतो, पण तू म्हणतोस तसा तो मधूनमधून थांबतो. मी कान लावून बघते. जुना तू कारखान्याच्या दारात ठेवलास म्हणे. त्याला पुसत जा.

मासळी आता रोजची रोज. डब्यांवर वार लिहिलेले. सकाळी मास्तर वर येऊन डबे हुंगतात आणि पूर्वी मी जसा माल पास करायचे तसा हात वर करून पास करतात. परवा त्यांनी पास केलेल्या डब्यापाशी मुकादमाने फरशी खरवडली. मी लगेच डबा रिकामा केला. मास्तर रुसले. म्हणाले, माणसापेक्षा मांजराचं खरं मानता. म्हटलं, मास्तर, या घरात शेवटचा शेरा त्याचा. फरशीवर पंजा पडला की विषय संपला.

अशक्त आहे अजून, पण पिशव्या तपासायला लागला आहे. पाहुणी त्याच्या मागे मागे असते.

आज सकाळी मासळी उकडली, निवू दिली आणि सवयीने घास करून मांडी घालून बसले. तो आला, हुंगलं आणि माझ्याकडे बघायला लागला. तेच बघणं. मी घास बशीत ठेवला, बशी जमिनीवर ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. म्हटलं, माझ्यासाठी म्हणून खाऊ नकोस बाबा. बराच वेळ काही नाही. मी तुझ्यासारखे कान टवकारून होते. मग आवाज आला, बशी चाटल्याचा. फरशीचा नाही.

यावर्षी माया भरपूर आहे, न्यायला ये.
तुझी ताई